नुसते ओठ हलवा

वैयक्तिक म्हणजे काय गं? नाही, अर्ज बरोबर आहे, नाव आहे, पत्ता आहे, सहीसुद्धा तिचीच आहे — ओळखते मी, टाचून शिवल्यासारखी अक्षरं असतात तिची — पण कारण म्हणून नुसतं 'वैयक्तिक'? दोन वर्षं रोज इथे आली, पावसापाण्याची आली, गुडघा सुजलेला असताना आली, आणि आता सुनेच्या हाती अर्ज पाठवून देते, नाव कमी करा म्हणून! बस तू. बस म्हटलं ना. ऑफिसातली बाई आज आलेली नाही, या टेबलावर मला बसवून ठेवलंय, शिक्का कुठे असतो ते मला ठाऊक नाही, तेव्हा घाई करून काही उपयोग नाही. काय? जरा मोठ्याने बोल. या पंख्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, दहा वेळा तक्रार केली — बंद आहे? हो का. मग बाहेरचं काहीतरी असेल.

मला ओळखलंस ना? मी ऑपरेटरबाई. टेलिफोन एक्स्चेंजला होते, एकतीस वर्षं. घरी नाव निघत असेलच माझं — नाही निघत? कधीच नाही? बरं. नसेल निघत. आधी मात्र निघायचं, हे तू कबूल कर. कर ना. इथे सगळ्यांना एकमेकांच्या कामाच्या नावानं हाक मारायची पद्धत आहे, ही टेलरबाई, मी ऑपरेटरबाई, तो कोपऱ्यात पेपर वाचतोय तो ड्रायव्हरसाहेब. निवृत्त झालो तरी कामाचं नाव काही निवृत्त होत नाही माणसाचं.

आणि ती यायची बंद झाली यात नवल काय, मला सांग. हे ज्येष्ठांचं केंद्र आहे की बालवाडी? सोमवारी व्यायाम. ती मुलगी येते, पंचविशीची असेल, टाळ्या वाजवत म्हणते, "चला माझ्या गोड गोड आजी-आजोबांनो, श्वास आत घ्या!" अगं, सत्तर वर्षं काय नुसता बाहेरच सोडत होतो आम्ही? बुधवारी चित्रकला. चित्रकला म्हणजे छापील फुलपाखरू द्यायचं, त्यात रंग भरायचा आणि रेघेबाहेर जायचं नाही. तुझ्या सासूनं उभं आयुष्य कोऱ्या कापडावर कात्री चालवली, खडूची एक रेघ मारून अख्खा कोट बेतला, तिला सांगतात रेघेबाहेर जाऊ नका! तिनं काय केलं ठाऊक आहे? फुलपाखराला खिसे काढले. दोन पंखांना दोन खिसे आणि वर एकेक बटण. ती शिकवणारी म्हणते, "आजी, फुलपाखराला कुठे खिसा असतो?" तर ही शांतपणे — "नसतो म्हणूनच लावून दिला." हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. घरी नाही सांगितलं हे? बघ. मग काय सांगायची ती घरी!

मीच आणलं तिला इथे. हे तरी ठाऊक असेल तुला, तेव्हा तू नवीन होतीस त्या घरात. तुझे सासरे गेले आणि ही आठ महिने उंबऱ्याबाहेर पडली नाही. माझ्या कोटाचं अस्तर फाटलं होतं, ते घेऊन गेले तर म्हणाली, मी आता शिवत नाही. म्हटलं, शिवू नकोस, केंद्रात चल. म्हणाली, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी गेले, उद्या बघू. तिसऱ्या दिवशी गेले. असे अकरा दिवस! मीही हट्टी, एंगेज लाईनला नंबर लावत बसायची सवय, लागेपर्यंत सोडायचा नाही. बाराव्या दिवशी दारात चपला घालून उभी. मला म्हणाली, "तुझ्या येरझाऱ्यांनी माझ्या पायऱ्या झिजतील, चल एकदाची." आणि इथे गाण्याच्या गटात घातलं तिला. माझ्या शेजारी. डाव्या हाताला. महिन्याभरात घरी मशीनवरही पुन्हा बसायला लागली, माझं अस्तर लावून दिलं.

गाणं तेवढं इथलं खरं आहे, बाकी सगळा पोरखेळ. सर कडक आहेत. आजी-बिजी म्हणत नाहीत, चुकलात म्हणतात. चुकलात म्हणणारं कुणी राहत नाही गं या वयात — नातवंडांना वेळ नसतो, मुलं म्हणतात जाऊ दे, वय झालंय. तर सर म्हणायचे, चुकलात, पुन्हा. आणि आम्ही अठरा जण पुन्हा गायचो. केंद्राला दहा वर्षं होणार म्हणून कार्यक्रम ठरला, मोठ्या सभागृहात, बाहेरचे पाहुणे वगैरे. चार ओळींचं कडवं, तिसऱ्या ओळीला सूर एकदम वर चढतो. आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खायला लागलं. सर थांबायचे. "कुणीतरी खाली राहतंय." पुन्हा. "खाली राहतंय कुणीतरी." पुन्हा, पुन्हा — दोन आठवडे! सगळे एकमेकांकडे बघायचे. कोण ते कळेना. अठरा तोंडं एकदम उघडलेली, कळणार कसं?

मग सरांनी मला विचारलं. मी होऊन नाही गेले हं सांगायला, हे आधी नीट ऐक. त्यांनी विचारलं. "ऑपरेटरबाई, तुमचा कान तयार आहे, तुम्ही सांगा." आता एकतीस वर्षं हा कान माझं पोट भरत होता. शंभर आवाजांतून कोण रडून बोलतंय, कोण पिऊन बोलतंय, कोण शेजारी बायको उभी आहे म्हणून हळू बोलतंय — सगळं कळायचं मला. साहेब लोक म्हणायचे, हिला विचारा, लाईन कुठे खराब आहे ते. तर मी ऐकलं. तीन दिवस कान देऊन ऐकलं. आणि तिसऱ्या ओळीला माझ्या डाव्या बाजूनं एकदम मोठ्ठा आवाज यायचा, माझ्या सुराशी जुळायचाच नाही. माझा सूर इथे, तो तिथे. म्हणजे चूक कुणाची?

तेच. मी सांगितलं. टेलरबाई, म्हटलं.

तशी का बघतेस? खोटं नाही बोलले मी. मला जे ऐकू आलं ते बोलले. आणि काढून टाका असं नाही म्हटलं, उलट सर म्हणत होते, त्यांना कार्यक्रमापुरतं बसवूया का, तर मीच म्हटलं, नको सर, वाईट दिसेल, उभी राहू दे, तिसऱ्या ओळीला नुसते ओठ हलवायला सांगा. चांगल्या मनानं सांगितलं मी ते! सरांनी तसं सांगितलं तिला. सगळ्यांसमोर सांगितलं, ते त्यांचं चुकलं, बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. "टेलरबाई, तिथे तुम्ही नुसते ओठ हलवा." हिनं एकदा माझ्याकडे बघितलं. सरांकडे नाही, माझ्याकडे. गाण्याचा कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला, पाणी पिऊन येते म्हणाली आणि गेली. मी तिची पाण्याची बाटली उचलून दाखवली, अगं पाणी तर इथेच आहे, म्हटलं. तोवर जिना उतरली होती.

दोन महिने झाले. मशीनवर बसते का गं ती? — नाही? अजिबात नाही? गुणगुणतसुद्धा नाही? मोठ्याने बोल. नाही म्हणालीस ना. तेच विचारत होते.

आता तुला वाटत असेल, ही बाई मला का थांबवून ठेवतेय. मला काही सांगायचं नाहीये. शिक्का सापडत नाही म्हणून थांबवलंय. पण आता बसलीच आहेस तर ऐक, बाहेर बोलू नकोस. ती गेल्यावर आठवड्याभरानं सरांनी मोबाईलवर आमचं गाणं टेप केलं. म्हणाले, आता ऐका, आता स्वच्छ येईल. लावलं. पहिली ओळ छान. दुसरी छान. तिसऱ्या ओळीला — काय सांगू तुला. आधीपेक्षा वाईट. सोळा जण वर गेलेत आणि एक आवाज खालीच, फाटक्या बाहीसारखा लोंबतोय. आधी निदान काहीतरी भरून निघत होतं, आता उघडाच पडला. आणि तो आवाज मी पहिल्या झटक्यात ओळखला. ओळखणारच ना! एकतीस वर्षं हेडफोनमधून स्वतःचाच ऐकलाय — थांबा, जोडून देते, थांबा, जोडून देते.

हो. माझाच.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. आणि फाशी देणारा कोण, तर चोरच! सरांनाही कळलं. मान खाली घालून मोबाईल पुसत बसले. ड्रायव्हरसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले, बाकीच्या बायकांना एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायचं होतं. सर म्हणाले, "छान. पुन्हा एकदा घेऊ." छान! ज्या माणसानं आम्हाला कधी छान म्हटलं नाही, तो मला छान म्हणाला. तिथे मला कळलं की आता माझी गणती कशात होते ते. थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं मला.

मुलगा केव्हाचा म्हणतोय, कान दाखव, तुझा टीव्ही गल्लीच्या तोंडाशी ऐकू येतो. मी म्हटलं, हल्लीचे टीव्हीच पुटपुटतात. तू हसतेस, पण मला तसं वाटत होतं गं, खरंच वाटत होतं. डोळ्यांना कमी दिसायला लागलं तर अक्षर पुसट होतं, कळतं तरी. कानाचं तसं नाही. जग हळू बोलायला लागलंय असंच वाटत राहतं.

मग? मग काय, तेव्हापासून मी नुसते ओठ हलवतेय. कुणी सांगितलं नाही, आपणहून. तिसऱ्या ओळीलाच नाही, चारही ओळींना. उभी राहते, तोंड उघडते, मिटते. कुणाच्या लक्षात आलंय की नाही देव जाणे, सूर मात्र आता स्वच्छ येतो म्हणतात. तुझ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत चार वेळा आले होते मी. चार वेळा. औषधाच्या दुकानापर्यंत यायचं, गोळ्या घ्यायच्या आणि परत. अकरा दिवस पायऱ्या चढलेली मी, आता एक पायरी चढवत नाही. काय तोंडानं चढू? "माझंच चुकत होतं, तुला उगाच घालवलं" — हे म्हणायचं कसं? तिला तर वाटत असेल, आपण बेसूर आहोत. दोन महिने हे मनात घेऊन बसली असेल, आणि त्यापायी मशीनसुद्धा —

काय? पुन्हा सांग.

ऐकू आलं मला. ऐकू आलं, तरी पुन्हा सांग.

ठाऊक होतं तिला? कधीपासून — पहिल्या वर्षापासून? "सूर वर चढला की ऑपरेटर घसरते, म्हणून मी तिथे आवाज चढवते, म्हणजे तिचा झाकला जातो." असं म्हणाली? तुला म्हणाली? कधी? — भाजी निवडताना. म्हणजे तो मोठा आवाज... अगं बाई. अगं बाई गं. मला झाकत होती ती. आणि मी बोट दाखवून —

मग बोलली का नाही त्या दिवशी? सगळ्यांसमोर म्हणायचं होतं, चुकतेय ती ही, मी नाही! तोंड शिवलं होतं? काय म्हणाली? "तिच्याकडे कानाशिवाय दुसरं आहे काय." ...हं. हे बरं ठरवलं तिनं. स्वतःच. मला न विचारता! मला राग येतोय, तुला सांगते. तुझ्या सासूचाच राग येतोय. शिवण उसवली तर गिऱ्हाइकाला सांगायचं असतं की नाही? ही आपली वरून टाके घालत बसली, दोन वर्षं! सांगितलं असतं तर मी चिडले असते, आठ दिवस बोलले नसते, भांडले असते — भांडले असते ना! पण कान दाखवून आले असते. ती इथे असती. तिच्या या चांगुलपणानं आम्हा दोघींचंही वाटोळं केलं. आणि माझ्या आढ्यतेनं. हो, ते आहेच, ते मी कुठे नाही म्हणतेय.

रुमाल नको मला. आहे माझ्याकडे.

किती वाजले? साडेचार? मग येतीलच सगळे सरावाला. हे बघ, तू आता नीघ. तिला यातलं काही बोलू नकोस, मी रडले वगैरे तर मुळीच नको, कारण मी रडलेले नाही. मी येते साडेसहाला. येते म्हणूनही सांगू नकोस, नाहीतर आतून कडी लावून बसेल, मी ओळखते तिला. बेल वाजली की दार तू उघड. एवढं कर. ती परत यायला तयार होईल की नाही मला ठाऊक नाही. नाही झाली तर नाही. पण तिनं मशीनवर बसायला हवं.

आले बघ सर. या सर, या सगळे — नाही, कीबोर्ड नका उघडू अजून. मला बोलायचंय जरा. नाही, तुमच्याशी एकट्याशी नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर झालं ना, मग हेही सगळ्यांसमोर. ड्रायव्हरसाहेब, पेपर ठेवा खाली. — आणि तू काय उभी आहेस गं अजून? तुझ्यासमोर बोलायचं नाहीये मला. तुला सांगून झालंय. जा. जा म्हटलं ना, दार लोटून घे.