गाडीत बसायला माणूस

बसा तसंच सीटवर, उतरू नका, मी गाडीखालच्या खड्ड्यातनं बोलतो, ऐकू येतंय न्हवं? तुमी इचारलं म्हणून सांगतो, न्हाईतर माझ्यासारख्याचं काय लिवून घ्यायचं. नाव बिरा. गाव जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या शिवेला, घरात आमी कानडी बोलतो आन् बाजारात मराठी. बाप मेंढरं राखायचा. सातवीपतुर शिकलो आसं मी सांगतो, पर खरं बोलायचं तर सहावीच, मेंढरं चारा हाय तिकडं जायची आन् शाळा काय जागची हलायची न्हाई, मग शाळाच मागं ऱ्हायली. बापानं मात्र एक गोष्ट शिकवली. मेंढरू लंगडतंय का बघायचं आसंल तर उभ्या मेंढराकडं बघू नको म्हणायचा, उतरणीला चालू दे, आन् मागनं कान दे. काय सांगू तुमाला, गॅरेजात सगळी हत्यारं शिकलो पर पहिलं हत्यार त्ये, कान.

गावात पाण्याचा टँकर यायचा, त्याचा डायवर एकदा खाली घुसला तवा मी पाना धरून बसलो दोन तास, न कटाळता. त्यो म्हणला चल रं मिरजंला, तुला कामाला लावतो. आसा मी मैनूचाचाच्या गॅरेजात आलो. चाचा माझा उस्ताद. पंधरा वर्सं त्याच्या हाताखाली, दुपारचं जेवण त्याच्या घरचं, ईदला नवी कापडं मला पयली. त्याला माती देऊन तीन वर्सं झाली, जिथं आसंल तिथं सुखात ऱ्हावो. चाचाची एक सवय हुती बगा. गाडीचं खालचं काम झालं, चाकं जमिनीला टेकली, की त्यो शेवटाला बोल्ट आवळायच्या आदी वराडायचा, आवं कोण हाय का, या, गाडीत बसा. मग समोरचा चहावाला, शेजारचा सतारी करणारा म्हातारा, एखांदं गिऱ्हाईक, आसं चौघं आत बसायचे आन् चाचा खालनं गप्पा मारत मारत पाना फिरवायचा. चहावाला म्हणायचा, चाचा, गाडी आवळतोय का आमाला? लय हसायचे. मला वाटायचं म्हाताऱ्याला बोलायला माणसं लागत्यात, म्हणून बसवतो. माझा गैरसमज इथनंच सुरू झाला.

चाचा गेला, गॅरेज बंद पडलं, मग मी हितं साताऱ्याला आलो. ह्या गॅरेजचे मालक चांगले हायत, दुसरीकडं ऱ्हात्यात, आठवड्यातनं एकदा येत्यात, समदं माझ्या भरवशावर. मागं खोली दिलीया. बायको आन् अव्वा, म्हंजे माझी आई, गावाकडं. अव्वा फोनवर रोज एकच इचारती, ऊटा आयता, म्हंजे जेवलास का. जेवलो म्हणतो. बायको म्हणती तिकडं बोलायला कोण हाय तुमास्नी? मी म्हणतो गाड्या हायत की. ती हसती. खरं सांगू का, कवा कवा दोन-दोन दिस माझा आवाज मलाच ऐकू येत न्हाई, गिऱ्हाईक किल्ली टाकतंय, किल्ली नेतंय. मनात सारखं भ्या ऱ्हातंय, एक काम बिघडलं तर ह्ये बी जाईल, मग परत मेंढरंच.

तशात डॉक्टरबाई आल्या. हाडाच्या डॉक्टर, आता रिटायर, पोरं परदेशात. गाडी म्हंजे जुनी स्पोर्ट कार, लाल, दोन माणसांची, इतकी बुटकी की दार उघडलं की हात भुईला लागतोय. मी म्हणलं, सायबांची गाडी व्हय? बाई म्हणल्या, साहेबांची स्कूटर होती, ही माझी आहे, माझ्या कमाईची. 

दुखणं काय, तर ब्रेक मारला की म्होरनं टक्क वाजतंय आन् गाडी डावीकडं वढती. दोन गॅरेजांनी शॉकअप बदलले, चाकं सरळ केली, आवाज तसाच. मी म्हणलं बाई, यवतेश्वरच्या घाटात चला, तुमी चालवा, मी ऐकतो. उतारावर खिडकीतनं डोकं भाईर काढून बसलो. तीन वळणं झाली आन् मला कळलं, ह्यो आवाज लोखंडावर लोखंडाचा न्हाई, मधली गादी गेल्याला आवाज हाय. गॅरेजात येऊन गाडी खड्ड्यावर घितली, चाक धरणाऱ्या लोखंडी दांड्याच्या, म्हंजे आर्मच्या, बुडात टॉमी, म्हंजे पहार घातली, जरा रेटा दिला, तर आर्म बोटभर हालला. तिथं बुश आसतंय, म्हंजे लोखंडी नळीत जाड रबर. चाक वरखाली हुतं तवा आर्म त्या रबरावर पीळ खातोय आन् परत येतोय. बाईंना दावलं. त्या वाकून बघून म्हणल्या, अरे, हा तर गुडघा झाला. गुडघ्याची गादी झिजली की माणूस असाच वाजतो.

रबर हितं मिळंना. बाईंच्या पोरानं परदेशातनं चार बुश धाडले. जुने प्रेसवर दाबून काढले, नवे बसवले, गाडी जॅकवर हुती तशीच बोल्ट गच्च आवळले, खाली सोडली. आवाज गेला. बाई खूष. आन् दीड म्हयन्यानं परत आल्या. टक्क.

 आन् तवा मी जे बोललो त्ये अजून सलतंय. खोलून न बघताच म्हणलं, बाई, रबरच खराब आलं. बाई म्हणल्या, तू म्हणतोस म्हणजे तसंच असेल. पोराला फोन करून कंपनीच्या नावानं ओरडल्या, दुसरा संच मागवला. त्यो येईपतुर बाईंनी गाडी घरात उभी केली. घाटात गाडी पळवायची हीच त्यांची एक चैन, ती बी बंद.

संच आला तवा मी आदी बसवल्यालं रबर भाईर काढून बगितलं. मुळातच खराब रबर आसंल तर चहुबाजूंनी तडकतंय. हे फाटल्यालं समदं एकाच अंगाला, कापड पिळून फाडावं तसं, चारी बुश. मी त्ये हातात घिऊन बसलो. चाकं लोंबकळत्यात तवा आर्म खाली आसतोय. तवाच बोल्ट आवळला की रबर तिथंच धरलं जातंय. मग गाडी खाली टेकली, आर्म वर आला, की रबराला उभ्या जागीच कायमचा पीळ. वर परत घाट. कशाला टिकंल? आन् एकदम चाचाचा आवाज आला कानात, आवं कोण हाय का, गाडीत बसा. गाडीवर वजन पायजे, माणसाचं वजन पायजे, मग शेवटाला आवळायचं. पंधरा वर्सं डोळ्याम्होरं बगितलं आन् मी त्याला गप्पा समजलो. हितं बसवायला कोण न्हवतंच, म्हणून सोडून दिलं.

आता सांगावं का न्हाई? न सांगता नीट आवळलं आसतं तर कुणाला कळलं नसतं. बाई परदेशाच्या कंपनीला शिव्या देत ऱ्हायल्या आसत्या. दोन दिस जेवण गेलं न्हाई. मग फोन लावला, या म्हणलं. आल्या. मी फाटकं बुश त्यांच्या हातात दिलं आन् म्हणलं, बाई, रबर चांगलं हुतं. माझा हात चुकला. आन् मी खोटं बोललो.

बाईंनी बुश फिरवून बगितलं. मग म्हणल्या, माझ्या पोराला आता तू सॉरी म्हण, मी पंधरा मिनिटं ओरडले होते त्याच्यावर. आन् हसल्या. मग म्हणल्या, बिरा, आम्ही गुडघ्याचा एक्स-रे माणसाला उभं करून काढतो. झोपवून काढला तर गादी झिजलेली दिसतच नाही. अंगावर भार आल्याशिवाय काही कळत नाही रे. चल, मी बसते.

आन् बाई आत बसल्या, शेजारच्या सीटवर त्यांच्या सांगण्यावरनं मी सिमेंटचं पोतं ठेवलं. खाली मी. त्या वरनं बोलायला लागल्या, पहिलं ऑपरेशन, घर आता कसं मोठं वाटतंय, पोराचा फोन रविवारी. मी खालनं सांगितलं, अव्वा, मेंढरं, चाचा. तोंड एकमेकाचं दिसत न्हाई, मधी गाडीचा पत्रा, म्हणून आसंल, बोलणं सोपं गेलं. आतापतुर वरीस झालंय, टक्क न्हाई. तरी बाई म्हयन्यातनं एकदा येत्यात, म्हणत्यात, बुश बघ जरा. बुश ठीक आसत्यात. मी म्हणतो, बसा आत, बघतो.

तवापासनं कुणाची बी गाडी आसू दे, शेवटचा बोल्ट मी माणूस बसवून आवळतो. लोक हसत्यात, हसूद्यात.

तुमचं बी आवळून कवाच झालंय, खरं सांगायचं तर जतच्या गोष्टीपाशीच झालं हुतं. चाचा बी आसंच आवळून झाल्यावर माणसं बसवून ठिवत आसंल का वो? आता कुणाला इचारणार. उतरा, हात द्या... नगं, बसा आजून जरा, चहा सांगतो. मग सावकाश जावा, घाटात जपून. गाडी वाजायची न्हाई. आन् न वाजता बी या कवातरी.