हद्दीच्या पाटीखाली गणिताचा तास

...आन् वर लोक मलाच इचारतात, "चांदमलशेठ, रविवारचं दुकान सोडून हायवेच्या कडंला चटई टाकून का बसता?" आता काय सांगू? हौस हाय का मला? तुम्हाला सांगतो, माझं भांड्याचं दुकान जुन्नरला, रविवार म्हंजे बाजार, गिऱ्हाइकाला बोलायला चार तोंडं पुरत न्हाईत, आन् मालक कुठं? तर नारायणगावच्या पुढं, मंचरच्या रस्त्याला, 'जुन्नर तालुका हद्द समाप्त' ह्या पाटीखाली! काय लिमिट हाय का न्हाई?

ह्यो शब्द घरात आणला पोरीनं. त्याच्या आधी मला लिमिट तीनच ठिकाणी ठावं. हाटेलात लिमिटेड थाळी, रस्त्याला स्पीड लिमिट, आन् बायको वरडली की, "अहो, काही लिमिट?" तिन्हीचा अर्थ एकच... आता बास!

तर माझी जागृती अवसरीला इंजिनिअरिंगला गेली. हॉस्टेलला राहिली. आन् महिन्याभरात फोन, त्यो बी रडत! "पप्पा, मला घरी न्या... गणितात लिमिट म्हणून धडा आहे, पहिल्याच परीक्षेत नापास झाले, मला नाही जमणार..." बायको म्हणती, "आणा माझ्या लेकराला! दुकान न्हाई का आपलं?" तवर आतनं आमच्या मातोश्री, झमकूबाई, आमी त्यांना नुसतं बाई म्हणतो, त्या गरजल्या, "खबरदार! माझी शाळा चौथीला सोडवली तवा मी बी रडले व्हते. घरी न्या म्हणून न्हाई, शाळंत जाऊ द्या म्हणून! पोरगी शिकणार. काढ गाडी!"

काढली गाडी. नारायणगाव मागं पडलं, पाटी दिसली, आन् मागच्या शिटावरनं बाईचा आवाज, "थांब!" काय झालं? तर म्हणे, "माझा चातुर्मासाचा नेम हाय. आपल्या जैन महाराजसाहेबांपुढं हात जोडून घेतलाय, चार महिने तालुक्याची हद्द वलांडायची न्हाई." म्हणलं, बाई, पाटीच्या पल्याड आंबेगाव तालुका, तिथनं अवसरी ती किती लांब? कोण बघतंय हितं? "मी बघतीय की!"

घ्या! बोला आता ह्याच्यावर!

मंग पोरीलाच सांगितलं, जीप धर आन् पाटीपाशी ये. आली. डोळे सुजलेले, ते बाईच्या मांडीत डोकंच घातलं. बाईनं डबा सोडला. त्यात कांदा न्हाई, बटाटा न्हाई, आन् सूर्य बुडायच्या आत खायाचं. खाण्याला लिमिट, येळंला लिमिट, रस्त्याला लिमिट, बोलण्याला मातर न्हाई! लगीच इचारती, "काय गं ते लिमिट? मला सांग."

"दादी, तुला नाही कळायचं."

"मंग कळंस्तवर सांग."

पोरीनं काटकी घेतली, धुळीत रेघ मारली. "ही रेघ. तिच्याकडं जायचं. आधी अर्धं जायचं, मग उरलं त्याचं अर्धं, परत त्याचं अर्धं... जवळ जवळ जातच राहायचं. पण पोचायचं नाही."

बाईनं रेघ बघितली. पाटी बघितली. "आगं, म्हंजे मीच की!" आन् चटईसकट सरकली पाटीकडं. मंग अजून अर्धं. मंग त्याच्या अर्धं! पंचाहत्तरीची म्हातारी, हायवेच्या कडंला! पोरगी जी खदाखदा हसली... तुम्हाला सांगतो, किती दिसांनी आयकलं ते हसू. माझं मलाच डोळं पुसायला लागलं.

झालं, दर रविवारी तेच. पोरगी शिकवती, बाई भांडती, "असं कसं? परत सांग!" आन् परत सांगता सांगता पोरीलाच कळायला लागलं! शेजारच्या वावरातला गेणू धुळीतल्या रेघा बघून पळत आला. "शेठ, मोजणी आली का? आमच्या बांधाचं बी बघा की, भावकीनं दोन वीत खाल्लाय!" बाई म्हणती, "बस खाली. आधी लिमिट शिक." बसला की त्यो! आता भावाला सांगतो, "बांधाच्या जवळ यायचं, पोचायचं न्हाई!" काय लिमिट हाय का न्हाई?

आन् पोरगी पास झाली! पेढे वाटले म्या, पाटीखाली!

मंग कार्तिकी पौर्णिमा झाली. नेम सुटला. म्हणलं सुटलो बाबा, आता थेट कॉलेजच्या दारात गाडी, बसायला खुर्ची, हातात च्या... पाटी आली. "थांब!"

"बाई, नेम सुटला तुझा!"

"नेम सुटला. पण माझी शाळा हितंच हाय."

तवर जीपमधनं जागृती उतरली, हसतच, काखंत पुस्तक. म्हणलं, बाळा, लिमिट संपलं ना गं?

"संपलं की, पप्पा! आता पुढचा धडा. कंटिन्यूइटी."

म्हंजे?

"म्हणजे मधे कुठंच खंड नाही. चालूच राहायचं."

बाईनं चटई झटकली. म्या गाडी सावलीला लावली... लिमिटला निदान लिमिट तरी व्हतं, राव!