दाराएवढी ओल

नाही युसूफचाचा, पुट्टीचा डबा उघडू नका आताच. आधी इकडं या, पलंगापाशी, आन पाहा — पोपडे कुठून कुठवर निघाले? छताखाली नाही, कोपऱ्यात नाही. बरोबर मधात, मानूस उभा निघून जाईन एवढ्याच जागेत. आमचे हे म्हनतात, रंग हलका होता. रंग तोच, हात बी तुमचाच — मंग एवढ्याच जागेवर हलका कसा लागला?

मी सांगतो. शेलूबाजारले माहेरी बांधकाम पाह्यलं मी. नव्या प्लास्टरले आधी पानी मारा लागते, मंग चांगलं सुकू द्या लागते. लग्नाची घाई असली का कोन थांबते? ओल्यावरच पुट्टी, पुट्टीवर गुलाबी. आतलं पानी मंग बाहेर निघाले पाह्यते, रंगाले ढकलते. म्हंजे बाकी भिंत जुनी, हा तुकडाच नवा. इथं दार होतं — खाली काहून पाहून राह्यले, चाचा? तुमाले नाही बोलत मी. तुमाले रंग माराले सांगतला, तुमी मारला.

माहे बाबा घर पाहाले आले तवा रंगाचा वास येत होता. बाबानं विचारलं, भिंतीपल्याड कोन राह्यते? सासरे म्हनले, भाडेकरीन हाय, एकटी बाई. पोरगं एकुलतं, वांग्याचा मळा त्याचाच, विहीर त्याचीच. बाबा खुश. मी बी — खोटं कायले बोलू — मले तं हे आवडलेच होते. कमी बोलनारा मानूस वाटला. काहून कमी बोलत होते, ते आता समजलं.

भाडेकरनीचं दार मागच्या गल्लीत. तोंड नाही पाह्यलं मी तिचं अजून. कुकर वाजते, बांगड्या वाजतात, तेवढीच ओळख. परवा आमी जेवत होतो, ती पल्याडून खोकलली, आन ह्यायनं भाकरीवरून मान न उचलता म्हनलं, 'वयनी, गोळी घेतली काय?' भिंतीले म्हनलं. मंग घास हातातच. मी वरन वाढलं. काय करू, वाढा तं लागतेच.

मोठे भाऊ होते म्हने ह्यायचे. वारले. अर्धा मळा तिचा. हे बी तुकड्या-तुकड्यानं सांगतलं. मी म्हनलं, आधी सांगतलं असतं तं बाबानं नाही म्हनलं असतं काय? 'म्हनलं असतं तं?' — बस, एवढंच बोलले. आन आज तुमाले बोलावलं, पुन्हा रंग माराले. मले वाटलं होतं, दार उघडतीन.

नाही, सामान राहू द्या इथंच. हा कप घ्या. तुमचा मांडतो नंतर, हा तिचा हाय. गल्लीतून फिरून जा लागीन तुमाले. म्हना, धाकट्या जावेनं पाठवला. ह्यायचं मी पाहून घेतो. जा न चाचा, उभे काहून राह्यले — चहा निवून राह्यला.