भाजलेल्या मातीतले जंतू

मुलाखतीच्या खोलीबाहेर एक मातीशास्त्रज्ञ आणि त्यांची थोरली बहीण बसली होती. दाराशी बसलेल्या शिपायाला ऐकायचं नव्हतं, पण कानांना झाकण कुठे असतं?

"ताई, दोनशे शास्त्रज्ञांनी माझ्या लेखाचा दाखला दिलाय."

"अगंबाई! इतका चांगला आहे?"

"इतका चुकीचा आहे. मी माती भट्टीत वाळवली, मग तिच्यातले जंतू मोजले आणि माती मेलेली आहे असं छापलं."

"मारलीस तूच की!"

"हो ना. 'असं करू नये' म्हणून सगळे माझं नाव देतात."

"आणि बरोबर निघालेला लेख?"

"त्याचा दाखला एकानेच दिलाय. मीच तो."

"मग बढती कशी मिळायची रे?"

"समिती नुसता आकडा बघते. लेख कोण वाचतंय?"

शिपाई आत डोकावून आला.

"चला साहेब, बोलावलंय. सगळे खुशीत आहेत, तुमचाच लेख वाचून हसतायत."

"ताई, ऊठ. घरी जाऊ."