नाव कमी करा लागते

आमचा तांडा फुलसावंगीच्या इकून, टेकडीच्या पायथ्याले, आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा लोकं भाऊ, आता वावरं हायेत, कापूस हाये, सोयाबीन हाये, पण माह्या आज्याच्या आज्याले कोणी इचारलं असतं का तुह्यं गाव कोणतं, तं त्यानं बैलाकडे बोट दाखवलं असतं. बैलाच्या पाठीवर मीठ लादाचं, धान्य लादाचं अन् चालत राहाचं. समोरच्या बैलाच्या गळ्यात मोठी घंटी राहे, तिच्या आवाजानं बाकीचे मागं मागं येत, असं आजा सांगे. अन् तो बैल वाटेत मेला तं घंटी लगेच दुसऱ्याच्या गळ्यात नाई बांधत, एक मुक्काम तशीच गाठोड्यात ठेवत. म्या इचारलं काहून, तं आजा म्हणे, अरे त्याची हाये ना ती, थोडी थंडी होऊ द्या लागते.

माह्याच्यापर्यंत बैलं संपली, घंटी पेटीत राह्यली, मी ढाणकीले एका आडत्याच्या गाडीवर ड्रायव्हर लागलो. सारी जवानी दुसऱ्याचं स्टेरिंग फिरवलं. मंग पोरगा मोठा झाला, अर्जुन त्याचं नाव, एकच पोरगा, अन् आम्ही बापलेकानं मिळून जीप घेतली, नवीकोरी, पांढरी. पूजा केली, नारळ फोडला, सारा तांडा बसून चक्कर मारून आला.

आता कागदं कोणाच्या नावानं कराचे हा सवाल आला. शोरूमवाला म्हणे बाबा तुमच्या नावानं करू. म्या म्हणलं नाई, पोराच्या नावानं कर. काहून म्हणलं ते सांगतो. माहा बाप वारला तवा त्याचं नाव कमी कराले मी किती हिंडलो काय सांगू तुमाले, राशन कार्डातून कमी करा, साताबाऱ्यातून कमी करा, ज्या टेबलापाशी जा त्या टेबलावर तेच, नाव कमी करा लागते. जसं का माणूस नाई, भाजीतलं तिखट हाये. तवाच म्या मनात धरलं का आपण बुढे, आज हाये उद्या नाई, गाडी जवान माणसाच्या नावानं राह्यली म्हणजे आपल्या मागं लेकराले झंझट नाई. लय हुशारी केली बाप्पा म्या. देव वरून हासला असंन.

अर्जुनले कावीळ झाली. पहिले झाडपाला केला, मंग उमरखेडले दाखवलं, मंग यवतमाळले नेलं त्याच जीपमध्ये, मी चालवून राह्यलो अन् त्याची माय मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन. जाताना बोलत होता. ब्रेक थोडा लांब लागून राह्यला बाबा, म्हणे, वापस आल्यावर दाखवू. दवाखान्यात आठ दिवस नाई काढले त्यानं. आणलं बी त्याच जीपमध्ये. ब्रेक अजून लांबच लागत होता.

लग्नाले चार वर्सं झालती. सून वंदना, बारावी शिकेल, माहेरचे न्याले आले तं नाई गेली, म्हणे ह्या दोघाईले कोण पाहीन.

त्याचा मोबाईल माह्या बुढीनं ठेवून घेतला. बुढी म्हणजे माही बायको, सोनाबाई. रोज चार्जिंगले लावे, रिचार्ज संपला का वंदनाच्या मागं लागे. दूरदूरचे लोकं फोन करत, त्याईले माहीत नसे, भाऊ जीप पाहिजे होती म्हणत, तं हे उचलून सांगे, अर्जुन भार गो छ. आमच्या बोलीत म्हणजे बाहेर गेला हाये. म्या एकदा म्हणलं अगं कायले असं सांगतं, तं माह्याकडे असं पाह्यलं तिनं का मी पुन्हा नाई म्हणलं.

आता गाडीचं पीयूसी, धुराचं सर्टिफिकेट, ते दर सहा महिन्यानं काढा लागते. पहिले सोपं होतं, पैशे द्या, कागद घ्या, गाडी घरीच असली तरी चाले. मंग सरकार सुधारलं. आता सायलेन्सरमध्ये नळी घालते, फोटो काढते, अन् ज्याच्या नावानं गाडी त्याच्या मोबाईलवर नंबर येते, तो सांगितल्याबिगर कागद निंघत नाई. म्हणजे अर्जुनच्या मोबाईलवर. तं आम्ही काय केलं, उमरखेडले सेंटरवर जाताना बुढी अन् वंदना दोघी संग, बुढीच्या मांडीवर मोबाईल. तिकडे पोरगं मशीन चालू करे, मी एक्सिलेटर दाबू, अन् मोबाईल टुंग करे. वंदना आकडे वाचून दाखवे. कागद निंघे, त्यावर सारं बराबर. बुढी त्या दिवशी जेवे बी चांगली. म्हणे, पाहा, सरकार अजून माह्या पोराले इचारते. मले राग येऊन राह्यला होता अन् रडू बी, पण म्या जीप चालवली.

असं चाललं भाऊ. खोटं म्हणा तं खोटं. पण गाडीले पंधरा वर्सं भरली अन् रजिस्ट्रेशन संपलं. यवतमाळले गाडी दाखवून पुन्हा पास करा लागते, नाई तं रोडवर दिसली का जप्त. मी गेलो. धूर काळा होता म्हणून पहिलेच नोझल साफ करून घेतलते, ब्रेक नवीन, रंग मारला, गाडी नवरीसारखी. खिडकीतला सायब जवान होता, पुण्याकडचा असंन, बोली तशी होती. म्हणे मालक कुठं आहेत? म्या म्हणलं गेला. तो म्हणे बाहेरगावी का? अन् माह्या तोंडून, काय सांगू तुमाले, हो निंघालं. आमच्यात मेला म्हणत नाई, गेला म्हणते, पण तुमच्यात बी तसंच म्हणते ना, मंग त्याले काहून नाई समजलं. का समजलं नाई म्हणून मलेच बरं वाटलं. तो म्हणे मग आले की त्यांनाच पाठवा, सही लागते. म्या म्हणलं पाठवतो.

बाहेर चहाच्या टपरीवर एक एजंट होता, त्याच्यापाशी मी खरं बोललो. तो म्हणे बाबा असं चालत नाई, पहिले मयताचं नाव कमी करा लागते. तेच. तेच शब्द. म्या म्हणलं कर, कुठं सही करू? तं तो म्हणे तुमची सही नाई लागत, पोराच्या वारसात पहिले माय अन् बायको, बाप नाई येत, त्या दोघीईच्या सह्या आणा. पाहा आता. धूर पास झाला, बापच नापास झाला.

घरी येऊन बुढीले सांगतलं. ते चुलीपाशी होती, उठली नाई, वळली नाई, खाली पाहूनच म्हणली, मार बेटारो नाम कम मत करो. माह्या लेकाचं नाव कमी करू नका. बस. त्याच्यावर बोलणं बंद.

जीप निंबाखाली उभी राह्यली. सारा पावसाळा उभी राह्यली. कोणाचं सोयाबीन न्याचं, कोणाले दवाखान्यात न्याचं, लोकं येत अन् जीपकडे पाहून वापस जात. टायर बसले. कोंबडी मागच्या सीटवर अंडे द्याले लागली, त्याच सीटवर. बुढी रोज कोंबडी हाकले, अन् कागदावर अंगठा द्याचं नाव काढलं का उठून जाये. मी चिडलो, एक दिवस लय बोललो, म्हणलं तुह्याच पोटचा होता का तो, माहा कोणी नोयता? अन् मंग मलेच लाज वाटली.

शेवटी वंदना बोलली. सासूसमोर कधी आवाज नाई केला पोरीनं, पण त्या दिवशी समोर बसली अन् म्हणली, आई, नाव ठेवलं तं गाडी भंगारात जाते, गाडी ठेवली तं नाव जाते, त्याईचं काय ठेवाचं ते तुम्हीच सांगा. सकाळी उठून पाहतो तं बुढी बादली घेऊन जीप धुऊन राह्यली. मागची सीट तिनं लुगड्याच्या पदरानं पुसली.

ऑफिसात अंगठा लावताना तो बाबू म्हणे आजी जरा जोरात दाबा, उमटत नाही. जवारी दळून दळून रेघा घासल्या तिच्या, काय उमटंन. दुसऱ्यांदा तिनं असा दाबला का कागद फाटते का काय. गाडी वंदनाच्या नावानं केली. जवान माणसाच्या नावानं. पहिले बी तसंच केलतं म्या.

मंग पास कराच्या पहिले नवीन पीयूसी काढाले उमरखेडले गेलो, तसेच तिघं. बुढीनं अर्जुनचा मोबाईल घेतला संग. वंदनानं माह्याकडे पाह्यलं, म्या म्हणलं राहू दे. मशीन चालू झालं, नळी घातली, म्या एक्सिलेटर दाबला, अन् टुंग वाजलं ते वंदनाच्या पिशवीत. तिनं आकडे वाचून देल्ले. बुढी मांडीवरच्या मोबाईलकडे पाहतच राह्यली. मंग म्हणे, वंदना, याची चार्जिंग संपली का व? वंदनानं हातात घेऊन पाह्यला. म्हणली, नाई आई, फुल हाये.

गाडी पास झाली. आता चालते, ब्रेक जागच्या जागी लागते. मोबाईल बुढीनं आज्याच्या घंटीपाशी पेटीत ठेवला, चार्जिंगले लावत नाई. फोन बी कोणी करत नाई आता, साऱ्याईले समजलं.

तुम्ही गाडीनं आले ना भाऊ? कोणाच्या नावानं हाये? तुमच्याच नावानं राहू द्या, लेकराच्या नका करू. तुमचं नाव तुमच्या लेकरानं कमी करावं, म्हातारपणी, टेबलाटेबलावर हिंडून, शिव्या देत. एवढाच आशीर्वाद हाये माह्यापाशी.