चुन्याची रेघ

हॅलो?

हो, बोल. दिसतेयस मला. गेटबाहेर तुझी गाडी, गाडीमागे घोडा न्यायचा ट्रेलर, आणि ट्रेलरला टेकून तू. हात हलवू नकोस गं, सर्कस आल्यासारखी वाटते.

नाही.

नाही उघडणार.

अगं ऐक ना… सख्खी बहीण आहेस म्हणून तर मुळीच नाही. परक्यांना मी निदान ‘कृपया’ म्हणते.

थांब, एक मिनिट. हातमोजे काढते. टपाल घोड्याच्या जबड्याखालची गाठ फुटली आत्ता. वाटीभर पू… ई काय? तूच विचारलंस ना, काय करतेयस म्हणून?

बोल तू, फोन खांद्याशी दाबून धरलाय. हातमोजे… पिशवीत. एप्रन… पिशवीत. बूट औषधाच्या बादलीत. आता हात. कोपरापर्यंत, साबण लावून, दोनदा. हो, दर वेळी. दिवसातून अठरा वेळा. कातडी सोलवटून निघाली. तेव्हा काळजी घ्या हे मला गेटबाहेरून शिकवू नकोस.

सर्दी?

कोण म्हणालं सर्दी? …हं, तुझा नवरा. त्याला सांग, त्याने आजवर एकच घोडा पाहिलाय, बुद्धिबळातला. सर्दी नाही ती. गळ्याखाली लिंबाएवढ्या गाठी येतात, पिकतात, फुटतात. आणि बाहेरच्या बाजूला न फुटता आत सुजल्या, तर श्वास कोंडतो. परवा सरदारच्या गळ्याला डॉक्टरांनी भोक पाडून नळी घातली, तेव्हा कुठे तो उभा राहिला. फोटो पाठवला होता तुला… जेवत होतीस? मग बघायचा नाही.

हवेतून? नाही, हवेतून फारसं येत नाही. माणसांच्या अकलेतून येतं. एकाचं नाक दुसऱ्याच्या बादलीत गेलं की झालं. बादली, तोंडावरची मोरकी, खरारा, तुझा हात, तुझी बाही. जिथे नाकातलं लागलं तिथे रोग. एवढं सोपं आहे, म्हणून तर कुणाला समजत नाही.

आणला कुणी म्हणजे? माझ्याकडे घोडे ठेवतो त्या वकिलाने! सांगितलं नव्हतं? नवा घोडा घेतला त्याने. नवा घोडा आधी पंधरा दिवस वेगळा बांधायचा, हा माझ्या पागेचा नियम. गेटवर पाटी आहे, तुझ्या डोक्यावरच आहे बघ, वाच. मी बाजारात गेलेली बघून याने आणला आणि बांधला थेट सरदारशेजारी. विचारलं तर म्हणतो, पाटीवर कुणाची सही नाही… हो गं, खरंच म्हणाला. आता मला तीन पानी पत्र पाठवलंय, रोग आमच्याच घोड्यापासून आला हे कशावरून. ते पत्र मी जपून ठेवलंय. कागद मऊ आहे, नाकं पुसायला बरा.

आणि तो एकटाच नाही. बँकवाल्या बाईंनी आपल्या घोड्यासाठी मास्क शिवून पाठवला. फुलाफुलांचा. …खाल्ला त्याने. हेडमास्तर? ते हात धुतात. अगदी नखं घासून धुतात. पण कधी? घोड्याला हात लावून झाल्यावर. आधी नाही! घोडा अस्वच्छ, आपण स्वच्छ. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं या माणसाने. पोरं सुटली, आता माझ्या राशीला आलाय. सगळ्यांना गेटबाहेर काढलं मी. बसा म्हटलं घरी, नाकाने कांदे सोलत.

हसू नकोस. तूही त्यातलीच आहेस, ट्रेलर घेऊन आलीस.

तुमच्या घोडीला, शाईला, काही झालेलं नाही, म्हणूनच ती हलणार नाही. ऐक, एकदाच सांगते. अंगणाच्या मधोमध मी चुन्याची रेघ मारलीय. अलीकडे सहा आजारी घोडे आणि मी. पलीकडे धडधाकट अकरा, त्यात तुमची शाई, आणि म्हातारे मोतद्दार काका. ते इकडे येत नाहीत, मी तिकडे जात नाही. आज नऊ दिवस झाले. नळ वेगळे, खराटे वेगळे, चंदीची पोतीसुद्धा वेगळी. मांजराला ऑफिसात कोंडलंय. काल माझी काडेपेटी चुकून पलीकडे पडली, तर काकांनी परत दिली नाही, तिथेच जाळून टाकली. याला म्हणतात माणूस. माशी जरी रेघेवरून गेली तरी मला कळतं.

रविवारी स्पर्धा, माहीत आहे… तुझी मुंगी तीन महिने घाम गाळतेय, तेही माहीत आहे. शिकवलं कुणी तिला? तुझ्या नवऱ्याने? पण तिथे चाळीस घोडे एका हौदावर पाणी पितात. शाईच्या अंगात रोग मुरत असला तर आठवड्याभरात पाच पागांत गाठीच गाठी. मग त्या पागांत माझ्यासारख्या पाच बाया हात सोलवटत बसतील आणि मला शिव्या देतील. बरोबरच देतील.

रडतेय? रडू दे. तेरा वर्षांची मुलगी रडली की नाकातून पाणी येतं, पू नाही. पुसलं की झालं.

काय? …आत्ता?

सकाळी घेतला की ताप. शंभर. गेले नऊ दिवस शंभर. घोडीला शंभर म्हणजे तुझं-माझं अठ्ठ्याण्णव… आणि आता पुन्हा शंभर निघाला तर? सोडू? …तुझं डोकं ठिकाणावर आहे का? शंभर निघाला तरी सोडणार नाही. पण तुझं तोंड बंद होणार असेल तर घेऊ. घेऊच. बघ माझी व्यवस्था. त्या घोडीला ताप निघाला ना, तर पागेला कुलूप लावून मी मोजे विणत बसेन, शब्द आहे माझा.

काका! …ओ काका! शाईचा ताप! …ताप, ताप! हो, परत! …माझी बहीण म्हणते म्हणून!

काही नाही, तुझ्या नावाने कपाळाला हात लावला त्यांनी.

शेपटी बाजूला घ्या! …तुला नाही गं.

लागतं एक मिनिट. …नाही, तोंडात नाही देत. वा! स्पर्धेला निघालीस आणि घोड्याचा ताप कुठून घेतात ते ठाऊक नाही. मुंगीला विचार, ती सांगेल. हां, सांगितलं? आता कळलं ना शेपटी का?

छान दिसतेय शाई. उन्हात अंग कसं चकाकतंय. खरारा केलाय काकांनी. जराशी… नाही, काही नाही. मान खाली घालून उभी आहे एवढंच. दुपार आहे, पेंगत असेल.

काय म्हणालात? …मोठ्याने! …नव्वद? काका, नव्वदला घोडी थंडगार पडते, चष्मा लावा! …बोटं दाखवा! …

…

परत घ्या.

…

काही नाही. चष्मा नव्हता त्यांचा. थांब.

…

दुसऱ्या थर्मामीटरने घ्या, काका! खिडकीतल्या!

…

बोलू नकोस ना जरा.

…

…

एकशे दोन. पॉइंट चार.

हो, तुलाच सांगतेय. शाईला. एकशे दोन पॉइंट चार.

नाही, ऊन नाही. उन्हाने एवढा चढत नाही. आधी ताप येतो, मग दोन दिवसांनी गाठी.

कुणीतरी रेघ ओलांडलीय. कुणीतरी, काहीतरी. गुरुवारी तू आली होतीस… आत नाही आलीस? शपथ घे. गाजरं टाकलीस? गेटवरून? मग ती गेटपाशीच पडली असतील, काकांनी उचलली नसतील… हेडमास्तर! हेडमास्तर मागच्या कुंपणापाशी घुटमळत असतो, काका सांगत होते. का त्या वकिलाने पुन्हा… सोडणार नाही मी. नऊ दिवस! नऊ दिवस माझ्या नाकी नऊ आले, मी आरशात तोंड पाहिलं नाही, स्वतःच्या मांजराला हात लावला नाही, आणि कुणी एक शहाणा येऊन सहज… त्याला धरून आणीन आणि टपालच्या नाकाखाली उभा करीन. टपाल शिंकेपर्यंत!

कोण? …दे. दे तिला.

बोल गं मुंगे. …हो. थोडा ताप आहे तिला. …नाही, मरत-बिरत नाही कुणी. मावशी आहे ना इथे? …स्पर्धा गेली, हो. गेलीच. पुढच्या वर्षी. …काय? आज? …हो हो, सहाला कर की फोन, रोजच्यासारखा. काका लावतील तिच्या कानाला. मग ती हुंगेल, मग तुझा आवाज कुठून येतो ते शोधत फोनचा पडदा—

…

काय म्हणालीस? परत सांग.

…

हो. चाटते. मीच सांगितलं होतं तुला, सगळा पडदा चाटून ओला करते म्हणून. हसलो होतो आपण.

…

मुंगे, फोन आईला दे. …नाही, तुझं काही चुकलं नाही. तुझं काहीही नाही, ऐकलंस? आता दे.

हं.

अगं ऐक ना.

कळलं, रेघ कुणी ओलांडली ते.

फोनने. हा. ज्याच्यावर बोलतेय तो.

रोज दुपारी सहा नाकांचे फोटो काढते ना मी, डॉक्टरांना पाठवायला. अगदी जवळून काढा म्हणतात, म्हणून नाकपुडीला लावून काढते. टपाल शिंकतो, मी फोन बाहीला पुसते आणि खिशात टाकते. मग हातमोजे पिशवीत, एप्रन पिशवीत, बूट बादलीत, हात दोनदा. आणि सहाला मुंगीचा फोन आला की रेघेवरून काकांच्या हातात. मी नाही ओलांडत रेघ! मी अगदी चुन्याला पाय लागू न देता, हात लांब करून देते.

आठ दिवस. तिला गेटबाहेर काढलं त्या संध्याकाळपासून. घोडीचा श्वास ऐकायचाय म्हणाली. म्हटलं, एवढ्याने काय होतंय.

काका काय म्हणणार? काडेपेटी जाळली त्यांनी, फोन कसा जाळतील? फोन मालकिणीचा.

हस ना. हस की. तुझ्या जागी मी पोट धरून हसले असते. वकिलाने निदान अख्खा घोडा आणला, चार पायांवर, दिसत तरी होता. मी रोग खिशात घेऊन फिरले, आणि वर त्याच फोनवरून सतरा मालकांना स्वच्छतेवर भाषणं दिली. हेडमास्तरांना तर अर्धा तास.

रडत नाहीये. नाक वाहतंय… माझं गं, माझंच.

नाही, एकटी शाई नाही. काकांनी तिच्यानंतर सगळ्यांना हात लावलाय, चंदी दिलीय. पलीकडची ओळ गेली. अकराच्या अकरा संशयित. रेघ पुसून आता दुसरीकडे मारायची. शाई अलीकडे येणार, माझ्याकडे. घशात घरघर सुरू झाली तर नळी घालायला डॉक्टर अर्ध्या तासात येतात. सरदार उभा राहिला, हीसुद्धा राहील. राहायलाच हवी.

आणि मालकांना कळवायचं. सगळ्यांना, आजच. कुणाकडून आलं तेही सांगायचं… अगं लपवून कसं चालेल? उद्या प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल, मी आत्ता दाखवत होते तसं. पहिला फोन वकिलाला… हो, लेखीही देईन. तीन पानं नाही लागणार. सही मात्र करीन, पाटीवर नव्हती ना.

ट्रेलर परत ने. …बरं. …हं, बरं झालं आलीस. तू हट्ट केला नसतास तर ताप उद्या सकाळी कळला असता, आणि आज सहाला मी पुन्हा…

असो. आता हा फोन औषधाच्या बादलीत टाकतेय. …पुसून? झालं तुझं सुरू? आठ दिवस पुसतच होते, बाहीला. …नवा आहे, माहितीय. मग काय करू, जुन्या बादलीत टाकू?

काही निरोप असला तर ऑफिसातल्या फोनवर कर. तो भिंतीवरचा, काळा. त्याची वायर दारापर्यंतसुद्धा पोचत नाही. फार गुणाचा फोन आहे तो.

मुंगीला सांग… नको, ऐकते ना ती? मुंगे, आईने फोन पुढे धरला असेल तर ऐक. सहाची वाट कशाला बघतेस? गेटच्या खालच्या गजावर चढ आणि हाक मार शाईला. नुसती. तोंडाने. अंगण काही एवढं मोठं नाही. …हळू नाही, मोठ्याने! काका बहिरे आहेत, घोडी नाही!

…

परत.

…

बघ. कान वळले. काका, सोडा तिचं डोकं, वळू दे तिला. …मुंगे, ऐकलंस? कशी खिंकाळली? …अगं, फोनमधून नाही! फोन खाली कर बाई, खाली कर आणि तशीच ऐ—