भासऱ्याचं तोंड

माझं माहेर मुर्रीचं, गोंदियाच्या अगदी कडेले, म्हून बोलन्यात हिंदी येते तर हसू नका मॅडम. लगन होऊन इकडं सौंदडच्या बाजूले आली तई घरात सून मी एकटीच, सासू म्हने माझी मोठी अशी अन् माझी मोठी तशी, रोवन्यात माझ्या हाताची बराबरी करनारी गावात नोहोती. मंग धाकट्याचं, सेवकचं लगन झालं अन् निर्मला आली. का सांगू तुमाले. गोरी, बोलाले गोड, आल्याबरोबर सासूच्या पायाले तेल लावून राहिली. झालं, माझं नाव घेनारं कोनी राहिलं नाही. जळत होती मी, लपवून का फायदा, आताबी जळतो.

सासरे गेले अन् वाटनी झाली. आमच्यात मोठा भाऊ वाटे पाडते अन् लहाना आधी उचलते, म्हनजे मोठ्याले लबाडी कराले जागा नाही. आमच्या मालकानं, नाव मी घेत नाही त्यायचं, तुमी समजून घ्या, वरतं बोडीकडचा, लहान तलावाकडचा, एक वाटा पाडला अन् खालतं सडकेकडचा एक, मधात मातीचा धुरा, बांध म्हना. सडकेकडं एक बांधी, धानाचा एक तुकडा, जास्त टाकली, काऊन का सेवक सडकेवर दुकान टाकीन टाकीन म्हनत होता, तो तिकडंच जाईन अन् बोडीचं पानी आपल्याले राहीन. इटियाडोह धरनाचं पानी आमच्या शिवारात पोचतच नाही ना, सारा धान त्या बोडीच्या भरोशावर. अन् सेवक उचलाले उठला तर दाराआडून बांगड्या वाजल्या. बस. तो म्हने मले बोडीकडचा. मी निर्मलाकडं पाहिलं तर खाली मान घालून उभी, जसं काही केलंच नाही.

मंग दरसाली पाहाचं, तिचा धान हिरवागार अन् माझा पिवळा. धुरा तिच्या वाट्यात, म्हून धुऱ्यावरची तूरबी तिचीच. मी खालतं निंदन करू अन् वर पाहू, निंदन करू अन् वर पाहू, मान दुखून जाये.

त्या साली धान लोंबीवर आला अन् पावसानं दडी मारली. मालकानं सेवकले सांगितलं, थोडं पानी सोड. तो म्हने माझ्या बांध्या भरू दे. दुसऱ्या दिवशी तो सौंदडच्या बाजाराले गेलता, मालकानं फावडा घेतला अन् धुरा फोडाले निघाले, मी मांगं मांगं. तिथं निर्मला एकटीच. आता आमच्यात कसं आहे, नवऱ्याचा मोठा भाऊ म्हनजे भासरा, त्याच्यापुढं लहान सुनेनं तोंड दाखवाचं नाही, बोलाचं नाही, नाव तर नाहीच नाही. तिनं हनुवटीपर्यंत पदर ओढला अन् जिथं फोडाचं तिथंच धुऱ्यावर बसली. मालक मले म्हने, तिले सांग ऊठ. मी म्हनलं ऊठ वो. निर्मला मले म्हने, मोठ्या बाई, त्यायले सांगा, माझा धान मेला तर लेकरं का खातील. एवढ्याशा जागेत तिघं उभे अन् मी इकडचं तिकडं सांगून राहिली. मालकाचं डोकं फिरलं, फावडा उचलला. पदर लाल झाला मॅडम. पदराची घडी होती म्हून वाचली, डॉक्टर म्हने.

जीवे मारायचा प्रयत्न केला अशी केस लागली. मालक जेलात, मंग जमानत, मंग गोंदियाच्या कोर्टात पेशीवर पेशी. सेवक म्हने सडवीन त्याले. आमचा वकील म्हने, पाहनारं दुसरं कोनी नाही, तुमी तर बायको, सारं त्या बाईच्या बयानावर आहे, तिनं बोट दाखवलं का सजा झालीच समजा. माझं सारं घर तिच्या एका बोटावर. दुसऱ्या कोनाच्या असतं तर चाललं असतं, पन तिच्याच!

निर्मलाले साक्षीले उभं केलं. डोक्यावर पदर तसाच. सरकारी वकील म्हने कोनं मारलं, हात करून दाखवा. निर्मला म्हने, साहेब, ते माझे भासरे आहेत, त्यायचं तोंड मी जलमात पाहिलं नाही, कसं दाखवू? त्या दिवशीबी पदर होता, मले फावडा दिसला, मानूस नाही. वकील म्हने बयानात नाव आहे ना. म्हने, भासऱ्याचं नाव मी घेईन का? ते पोलिसानं लिवलं. वकील म्हने, मंग आवाज? म्हने, आवाज मोठ्या बाईचा आला, ऊठ म्हने, तेवढाच. वकील चिडला, साहेब रागावले, सारे जन हसले. मालक सुटले. सेवक घरी येऊन तिच्यावर ओरडला तर म्हने, डोकं माझं फुटलं, माफ कराचं का नाही ते मी पाहीन.

अन् मी? मले तिच्या पाया पडाले पायजे होतं, पडलीबी, पन पोटात जळतच होतं. आता सारं गाव म्हनते, निर्मलासारखी बाई नाही. धान लोंबीवर आला का निर्मला स्वतःच धुरा फोडते, पानी आमच्याकडं येते, मागाची पाळी येत नाही. मालक अजूनबी तिच्याशी बोलत नाही, रीतच आहे, पन त्या धुऱ्यावर चढाच्या आधी चप्पल काढते. माझ्यासाठी कई वाकून पाहिलं नाही त्या मानसानं. काल धुऱ्यावरच्या तुरीच्या शेंगा धाडल्या तिनं. उकडल्या, खाल्ल्या. गोड होत्या. गोड काऊन राहाव्या, सांगा ना!

तुमी आता हेच इचाराले तिच्याकडंबी जासाल, मले मालूम आहे. जा. लेकराबाळानं भरून राहो ते, माझं घर तिनंच राखलं. पन मॅडम, जेवन मातर माझ्याच घरी करून जा.